बॉयलरच्या पूजेची जोडी

"यामिनीबेन, छुपी रुस्तम निघाल्या तुम्ही!" कामिनीबेन काउंटरवरून ओरडली आणि दुकानातली चारही गिऱ्हाइकं एकदम वळली. "लगन केलं अन् पेढासुद्धा नाही? बरं, केलं ते केलं, बायकोशी केलं?"

यामिनी आपली अर्धा किलो तूरडाळ घ्यायला उतरली होती. नंदुरबारात ती कामिनीबेनच्या दुकानावरच्याच फ्लॅटमध्ये राहते, बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षांत कामिनीबेननं तिची अशी जाहीर चौकशी कधी केली नव्हती. काउंटरवर पत्रिका होती. गुळगुळीत, पिवळी, वर गणपती. बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ, परवा बुधवारी सकाळी नऊ वाजता, कु. यामिनी उखा पाटील, कार्यकारी संचालक (प्रभारी), यांच्या शुभहस्ते, सपत्नीक. तिनं दोनदा वाचलं. मग तीही हसली, चार गिऱ्हाइकांपेक्षा जरा मोठ्यानंच, कारण अशा वेळी आपण हसलो नाही तर लोक जास्त वेळ हसतात, हे ती साखर कारखान्यात शिकली होती. डाळ घेतली. जिना चढली. आणि तिसऱ्या पायरीवर 'सपत्नीक' हा शब्द घशात माशाच्या काट्यासारखा आडवा बसला. गिळवेना, काढवेना.

झालं होतं ते अगदी साधं. दर वर्षी हंगामाआधी बॉयलरची पूजा व्हायची; खरं तर मोठ्या साहेबानं बसायचं, पण यामिनी प्रभारी झाल्यापासून चेअरमन उमाकांत आबा आणि काकू जोडीनं बसत. यंदा आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, चिंचपाड्याच्या दवाखान्यातून टाके घेऊन आले, मांडी घालायची बंदी. ते म्हणाले, यंदा यामिनीचं नाव टाका, ती बसेल. शिपाई भरतनं काय केलं, तर मागच्या वर्षीची पत्रिका उचलली, आबांच्या नावावर काट मारली, वर यामिनीचं लिहिलं आणि छापखान्यात दिली. छापखान्यानं नाव बदललं. बाकी सगळं जागच्या जागी. पूजेला मोठा साहेब बसतो आणि मोठ्या साहेबाला बायको असते, यात बदलण्यासारखं काही असतं हे ना भरतला सुचलं, ना छापखान्याला, ना प्रूफ तपासणाऱ्याला. आणि आठशे पत्रिका, सारंगखेड्यापासून पार अक्कलकुव्यापर्यंत, वाटून मोकळ्या झाल्या.

जोडीनंच का बसायचं, याला एक गोष्ट होती. कारखाना नवा होता तेव्हा म्हणे एका ब्रह्मचारी इंजिनिअरनं एकट्यानं बॉयलर पेटवला. त्या हंगामात पोत्यांतून साखरेऐवजी मीठ निघालं. अस्सल खारं. सुरतेचे व्यापारी ट्रक लावून घेऊन गेले, पापडाला. ते मीठ पाहिलेला माणूस तालुक्यात एकही सापडत नाही, पण चव मात्र सगळ्यांना आठवते.

मंगळवारी सकाळी ती गाडी चालवत कारखान्याकडे निघाली तेव्हा हे मीठच तिच्या जिभेवर होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, मध्येच पपईच्या बागा, आणि डोक्यात कारखान्यातली सत्तावीस वर्षं एकावर एक रचून ठेवलेल्या रिकाम्या पोत्यांसारखी. प्रभारी. तीन वर्षं प्रभारी. प्रभारी म्हणजे पंगतीत वाढप्याला दिलेलं पान. बसायचं, पण कुणी आलं की उठायची तयारी ठेवून. गुरुवारी संचालक मंडळाची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर पहिलाच विषय तिचा होता: कायम करायचं की बाहेरून माणूस आणायचा. संचालक नवनीत अण्णांनी नाशिककडचा एक निवृत्त साहेब बघून ठेवला होता. तो साहेब जोडीनं कारखाना पाहूनही गेला होता. त्याच्या बायकोनं कारखान्याच्या बंगल्यात तुळस कुठं लावायची तेसुद्धा ठरवलं होतं. यामिनी बंगल्यात राहत नव्हती. एकट्या बाईला एवढा बंगला कशाला, असं तीन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं होतं आणि तिनंही मान हलवली होती. मान का हलवली? गाडी तापीच्या पुलावर आली. खाली पाणी रुंद, मातकट, कसलीही घाई नसलेलं. तिला वाटलं, आपली मान फार हलते.

अप्रेंटिस म्हणून ती आली तेव्हा तिला बॉयलर हाऊसमध्ये जाऊ देत नव्हते. बाईमाणूस, ओढणी, गरम पाइप. कोपऱ्यातल्या टेबलावर नकाशे काढायला बसवलं. मग एका मे महिन्यात चीफ इंजिनिअर साहेब तपासणीसाठी बॉयलरच्या वाफेच्या टाकीत, स्टीम ड्रममध्ये, शिरायला गेले. ड्रमचं भोक असतं केवढं, तर पोळीच्या तव्याएवढं. साहेब डोकं घालून आत गेले, खांदे गेले, आणि पोट म्हणालं, मी काही येत नाही. ना आत, ना बाहेर. करडईचं तेल आणलं, एक डबा संपला. दुसरा आणला. शेवटी लोक सांगतात, सातपुड्यातून ऊसतोडीला आलेल्या बैलांची जोडी लावली तेव्हा साहेब बुचासारखे 'फट्' करून निघाले आणि त्या आवाजानं शेजारच्या शेतातले बगळे उडून गुजरातेत गेले, ते अजून परतले नाहीत. बैलांचं खरं खोटं देव जाणे. पण तेलाचे डबे यामिनीनं स्वतः आणून दिले होते, आणि साहेबांना बाहेर काढल्यावर सगळ्यांची नजर तिच्या अंगकाठीवर गेली होती. तेव्हापासून ड्रमच्या आत जायचं काम यामिनीचं आणि बाहेर उभं राहून तपासणीवर सही करायचं काम साहेबांचं.

आत काय असायचं? अंधार, गंजाचा वास, जिभेवर चुन्याची चव, आणि बाहेरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे. तिला आत बरं वाटायचं. आत कुणी ताई म्हणत नव्हतं, बाई म्हणत नव्हतं. हातातली बॅटरी, हातोडी, आणि ठोकल्यावर लोखंड जे सांगेल ते. चांगलं लोखंड टणकन बोलतं, आजारी लोखंड कण्हतं. सरकारची बॉयलर इंजिनिअरची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग तिला बढती मिळाली, ती सुरक्षा विभागात. मग प्रदूषण. मग कामगार कल्याण, म्हणजे हळदीकुंकू आणि चष्म्याचं शिबिर. प्रत्येक बढती अशी, की बॉयलरपासून चार पावलं आणखी लांब. आणि तीन वर्षांपूर्वी भर हंगामात आधीचे कार्यकारी संचालक राजीनामा देऊन निघून गेले, एकही माणूस यायला तयार होईना, तेव्हा कुठं सगळ्यांना आठवलं की चालू कारखाना सांभाळू शकेल असं एक माणूस इथेच आहे. प्रभारी.

आणि लग्न? स्थळं आली. धुळ्याचा एक होता, बरा होता, त्यानं विचारलं नोकरी सोडशील का. ती म्हणाली, हंगाम संपू द्या. हंगाम संपला, दुसरा लागला. दर वर्षी आई, दगूबाई, विचारायची, "आते तरी, माय?" आणि ती म्हणायची, हंगाम संपू दे. मग विचारणं थांबलं. कधी थांबलं ते तिला आठवेना. दात पडून जागा भरून यावी तसं ते झालं. तिला त्याचं दुःख होतं असं नाही, आणि हेच लोकांना पटत नव्हतं; एकटी बाई दुःखी दिसली तर निदान तिच्यासाठी काही करता येतं.

आबांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, सगळे आधीच जमले होते. आबा लोडाला टेकून, पोटावर उशी धरून. नवनीत अण्णा समोर. अण्णांच्या मिशा अशा की पावसाळ्यात त्यांखाली दोन चिमण्या सहज आडोशाला बसाव्यात. हातात पिवळी पत्रिका.

"या, या, नवरदेव या," अण्णा म्हणाले.

भरत दारात उभा होता तो भिंतीत शिरला.

"भरत्याले काय बोलू नका," आबा म्हणाले. "गरीबनी चूक शे. फोन करीसन सांगी देऊ सगळासले."

"आठशे घरे फोन करशात का आबा? आनि चूक कोठे शे? रीत तीच शे. जोडी लागस. या प्रभारी व्हत्या तव्हय तुम्ही नी काकू बठनात, आम्ही काही बोलनूत नही. पन परवा त्यासले कायम कराना विषय. कायम साहेब म्हंजे पूजेले त्यानी सोता बठाले पायजे. दर साल. दर साल का आबांनी टाके घालीसन बठानं?" मग यामिनीकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "ताई, तुमना कामले नाव नही. पन देवनं काम शे, काय करशात?"

"मग उद्या कोण बसणार?" तिनं विचारलं. आवाज ठीक होता.

"मी बठस ना."

"अण्णा, वहिनींना जाऊन आठ वर्षं झाली."

"मंग? सुपारी शे ना!" अण्णांनी कमरेला हात लावून दाखवला. "माणूसनी बायको नसनी तर कंबरले सुपारी खोची लेवानी, जोडी पुरी. धाकलीना लगीनमा मी तसाच बठनू. शास्तर शे. माणूसले सुपारी चालस."

खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या. यामिनीची मानही हलायला निघाली होती, सवयीनं, आणि अर्ध्यावर थांबली. तिला काहीतरी ऐकू आलं होतं. हातोडी ठोकल्यावर लोखंड कण्हावं तसं. माणसाला सुपारी चालते. तिनं पुन्हा मनात ठोकून पाहिलं. पुन्हा तोच आवाज. इतकी वर्षं ही भिंत तिला एकसंध ओतीव लोखंडाची वाटत होती, आणि ती होती एका सुपारीएवढी पोकळ. तिला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. "पत्रिकेत माझं नाव आहे," ती म्हणाली. "जोडीची व्यवस्था मी करते."

"करशात?" अण्णांच्या मिशा वर गेल्या. "एक दिनमा?"

"एक दिवस पुष्कळ झाला अण्णा."

संध्याकाळी ती कामिनीबेनच्या दुकानात उभी राहिली. सुपाऱ्या द्या म्हणाली.

"खायची की पूजेची?"

"नवरा करायचाय."

कामिनीबेननं सगळं ऐकून घेतलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, बरणी काउंटरवर उपडी केली आणि डोक्यावर पदर घेऊन वरपक्षाची मावशी झाली. "हा बघा, मोठा, रुबाबदार."

"डोक्यात कीड आहे."

"असू दे ने, साहेबलोकांत चालते. नको? हा?"

"चिरलेला आहे. बोलायला लागला की थांबणार नाही."

"हा गोरा आहे."

"पोकळ वाजतो." ती खरोखरच एकेक सुपारी कानाशी नेऊन नखानं ठोकत होती. आणि ठोकता ठोकता तिला ती धुळ्याच्या स्थळाची बैठक आठवली, स्वतःचे गुडघे, पोह्यांची बशी, चालून दाखव म्हणणारी ती आत्या, उजेडात ये म्हणणारी. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा तिला त्या आठवणीचं काहीच लागलं नाही. उलट त्या आत्याची दया आली. बिचारीला ठोकून ऐकायची रीतच माहीत नव्हती. शेवटी एक लहानशी, गोल, जड सुपारी निघाली. ठोकली तर टणकन बोलली. "हा," ती म्हणाली. "कमी बोलतो, पण खरं बोलतो."

"नोकरी सोड म्हणेल?" कामिनीबेननं विचारलं, आणि दोघी अशा हसल्या की अर्ध्या शटरखालून एक कुत्रं आत डोकावून गेलं.

बुधवारी बॉयलरपुढं मांडव, केळीचे खांब, चौरंग. कामगार, शेतकरी, बाया, सगळे मिळून पाचशे माणूस. पत्रिका वाचून ताईंची 'पत्नी' बघायला आलेले आणखी दोनशे. आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पोटावर उशी. अण्णा पितांबर नेसून तयारच आलेले, कमरेला फुगवटा. यामिनी जांभळ्या काठाची साडी नेसून आली, चौरंगापुढच्या पाटावर बसली, निऱ्यांजवळ खोचलेली सुपारी काढून गुरुजींना दाखवली आणि परत खोचली.

गुरुजींचा हात पळीवर थांबला. "हे काय?"

"माझी जोडी."

मांडवातल्या मागच्या रांगा टाचा उंचावून पाहू लागल्या. उठवलं तर आता, या क्षणी, सातशे लोकांसमोर उठवतील, आणि मग गुरुवारची बैठक घ्यायचीही गरज उरणार नाही. पाट तिच्या खाली गार लागत होता.

"असं कोठे ऱ्हास का?" अण्णा पुढं आले. "सुपारी बायकोनी ऱ्हास. धनीनी नही ऱ्हात!"

"का नाही, अण्णा?" तिनं पाटावरून न उठता विचारलं. "तुमच्या सुपारीत वहिनी मावतात, मग माझ्या सुपारीत एक नवरा मावणार नाही? नवरे काय एवढे मोठे असतात?"

आधी बायांमधून कुणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू उसाच्या फडाला लागलेल्या आगीसारखं पळालं. आबा उशी आवळून ओरडले, "हसाडू नका रे, टाका तुटतीन मन्हा! गुरुजी, पोथीमा काय लिखेल शे?"

गुरुजींनी पोथी उलटली, सुलटली. घाम पुसला. "बाईंनी सुपारी लावू नये असं... काही लिहिलेलं नाही. लावावी असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं."

"मंग चालू करा. देवले बी कामं ऱ्हातंस."

पूजा झाली. नारळ फुटला. फायरमन डोंगरसिंग, सातपुड्यातला, तीस वर्षं या भट्टीशी बोलणारा माणूस, पेटता पलिता घेऊन उभा होता. तो यामिनीच्या हातात देताना हळूच म्हणाला, "ताई, आमच्या डोंगरात आग लावायला काडी लागते फक्त." तिनं पलिता आत टाकला. लाकडांनी आग धरली. आणि मग धूर वर जायच्या ऐवजी भट्टीच्या तोंडातून बाहेर आला, काळा, जाडजूड, माणसांवर. मांडव खोकायला लागला. डोळ्यांना धारा. धुरातून अण्णांचा आवाज: "देखा! देवले पटनं नही! देखा!" लोक मागं सरले. कुणीतरी 'मीठ' म्हणालं. तिनं ऐकलं. मीठ, मीठ, असं ते मागच्या रांगेपर्यंत गेलं.

ती अण्णांकडे वळली नाही, देवाकडेही नाही. तिनं डोळे मिटले आणि ऐकलं. लाकडांचा तडतडाट होता, त्यामागे धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर, पण त्या घरघरीत पोट नव्हतं. तोंडावर हात ठेवून कुणी ओरडावं तशी ती गुदमरलेली होती. "डोंगरसिंग, चिमणीकडची झडप बंद आहे."

"उघडी आहे ताई, दांडा बघा, उघडीवर आहे."

"दांडा उघडीवर आहे. झडप नाही. आतली पिन निसटली असणार. वर जा, दोन ठोके दे."

डोंगरसिंग शिडी चढला. एक ठोका. दुसरा. आत कुठंतरी लोखंड मोकळं झाल्याचा खणखणीत आवाज आला, आणि धुरानं एकदम मान फिरवली. मांडवातला, लोकांच्या डोळ्यांतला, अण्णांच्या मिशांतला सगळा धूर जणू कुणी सुतानं ओढावा तसा भट्टीत परत गेला आणि चिमणीतून सरळ उभा, आभाळात. लोक सांगतात की तो तोरणमाळहून दिसला. दिसला असेल. आग भट्टीत स्थिर, नारिंगी झाली. गरम वारा तिच्या तोंडावर आला. आणि तिला कळलं की आपण केव्हापासून तरी श्वास रोखला होता. आजपासून नाही, सोमवारपासूनही नाही. कितीतरी आधीपासून.

आबांनी गुरुवारची वाट पाहिली नाही. "माले जिना चढता येत नही, संचालक सगळा आठेच शेत, वही लई या," म्हणाले. ठरावाची वही आली, यामिनीला कायम करायचा ठराव लिहिला गेला. आबांनी उशीवर ठेवून सही केली, मग बाकीच्यांनी एकेक करून. अण्णा शेवटी. त्यांनी पेन हातात घेऊन भट्टीकडे पाहिलं. धुरानं डोळे लाल झाले होते, आणि त्या लाल डोळ्यांनी ते अचानक म्हातारे, एकटे दिसले. "मन्ही सुपारी आते काय करू?" ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले.

"राहू द्या अण्णा," ती म्हणाली. "वहिनी आहेत ना त्या." त्यांनी मान खाली घातली आणि सही केली.

मग गर्दी पांगली. ती गोदामाच्या ओट्यावर प्रसादाचा शिरा घेऊन बसली. चपला काढल्या. खांदे खाली आले. ते इतके वर होते हे तिला आता कळत होतं, जसं पंखा बंद झाल्यावर तो चालू होता हे कळतं. आनंद म्हणावा असं काही नव्हतं. फक्त हलकं. अंगातून कुणीतरी मोठं सामान उतरवून नेलं होतं आणि आत पाय पसरायला जागा झाली होती. शिऱ्यात तूप भरपूर होतं. तिनं आणखी एक द्रोण मागवला.

द्रोण घेऊन आली ती ममता. प्रयोगशाळेतली केमिस्ट, एकोणतीस वर्षांची, सहा वर्षं दिवसपाळीला रसाचे नमुने तपासणारी. द्रोण दिला, पण गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"बोल."

"मॅडम, यंदा रातपाळीचा शिफ्ट इनचार्ज... ती जागा रिकामी आहे. रातपाळी केल्याशिवाय पुढं चीफ केमिस्टला घेत नाहीत. मी अर्ज देऊ का?"

शिरा तोंडात होता. आणि यामिनीच्या जिभेवर, अगदी आपोआप, अगदी मायेनं, एक वाक्य येऊन तयार उभं राहिलं: सोबतीला कोण असेल? ते आबांच्या आवाजात नव्हतं, अण्णांच्याही नाही. तिच्या स्वतःच्या आवाजात होतं, आणि त्याचा सूर एवढा काळजीचा, एवढा चांगला होता की तिला क्षणभर भीतीच वाटली. तिनं शिरा नीट चावला. वाक्यासकट गिळला. वर तांब्याभर पाणी प्यायली.

"अर्ज कशाला," ती म्हणाली. "हंगाम लागला की पहिल्याच रात्री ये. आणि येताना डबा जास्तीचा आण, पहाटे तीनला फार भूक लागते."